अष्टागराची वाट आणि माडाची मोजणी

माझ्या एका स्नेह्याने नुकतीच मोटार घेतली. मोटार घेतली की ती कोठे न्यावी हा प्रश्न पडतो, आणि तो सोडविण्यासाठी माणूस परदेशची प्रवासवर्णने वाचू लागतो. आमचे स्नेही याला अपवाद नव्हते. एके दिवशी संध्याकाळी ते घरी आले आणि फ्रान्समधील मेदॉक, पोर्तुगालमधील कोलारेस, दक्षिण आफ्रिकेतील केप अशी नावे घेऊ लागले. "एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला द्राक्षमळे, आणि मधून आपली गाडी आपणच हाकीत जावयाचे. ज्या गावात जे मद्य होते ते त्याच गावात पाहावयाचे. आपल्याकडे असा रस्ता कुठला हो?"

मी म्हटले, "आहे की! मांडव्याला उतरावे आणि किनारा धरून श्रीवर्धनपर्यंत जावे. फक्त द्राक्षवेलीच्या जागी माड धरावा." ते मोठ्याने हसले. माडी हा शब्द आपल्याकडे थोडा हलक्या आवाजात उच्चारण्याचा आहे. मेदॉकच्या पंक्तीला तो बसविला म्हणून त्यांना हसू आले. त्या हसण्याला उत्तर द्यावे या हेतूने आजचे व्याख्यान मी घेतले आहे. दारूची भलावण करण्यासाठी मी येथे उभा नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. महात्मा फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती, आणि त्यांचे म्हणणे आजही खोटे ठरलेले नाही. परंतु मद्याचा इतिहास हा केवळ पिणाऱ्यांचा इतिहास नव्हे. तो झाडाचा आहे, झाडावर चढणाऱ्याचा आहे, व्यापाऱ्याचा आहे आणि सर्वांत अधिक सरकारचा आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तो जितका स्पष्ट वाचता येतो तितका क्वचितच कोठे वाचता येत असेल.

तेव्हा आपण मनाने त्या मोटारीत बसू या. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावर मोटार बोटीत चढविता येते आणि तासाभरात ती मांडव्याला उतरते. बोट निघाली की डाव्या हाताला घारापुरीचे बेट दिसू लागते. घारापुरी म्हटले की आपल्याला लेणी आणि त्रिमूर्ती आठवते. पण हे बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडते, आणि आपल्या विषयाचे पहिले प्रकरण तेथेच पुरलेले आहे. बेटावर मातीच्या मोठ्या कुंभांचे जे तुकडे सापडले त्यांत भूमध्यसमुद्राकडून आलेले रोमन मद्यकुंभ आहेत. हे कुंभ बुडाशी निमुळते, दोन कानांचे, जहाजाच्या तळात एकमेकांना टेकून उभे करता येतील असे असत. त्यांत मद्य येई, तेल येई, माशांची आंबवलेली चटणीही येई.

येथे संशोधनातील एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. भारताच्या किनाऱ्यावर सापडलेले असे तुकडे पुष्कळ वर्षे सरसकट रोमन समजले जात. रोबर्टा टॉम्बर या विदुषीने ते पुन्हा तपासले आणि २००७ मध्ये दाखवून दिले की, त्यांतील बरेचसे रोमन नसून मेसोपोटेमियाचे, म्हणजे आजच्या इराकच्या बाजूचे आहेत. त्या कुंभांना कान नाहीत आणि आतून डांबराचा लेप आहे. लेप कशासाठी? तर आतला द्रव पाझरू नये म्हणून. म्हणजे रोमचा व्यापार ओसरल्यानंतरही इराणी आखातातून भरलेले कुंभ आपल्या किनाऱ्याला लागतच होते.

पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक नाविकाने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे समुद्रमार्गाचे टिपण प्रसिद्ध आहे. भडोचच्या बंदरात काय खपते याची यादी देताना त्याने मद्याला पहिले स्थान दिले आहे, आणि तेही प्रत लावून : इटलीचे सर्वांत पसंत, त्याखेरीज लाओडिकियाचे आणि अरबस्तानचे. राजासाठी वेगळे उंची मद्य आणावे असेही तो सुचवितो. त्याच टिपणात कल्याणच्या दक्षिणेला 'सेमुल्ला' हे बंदर येते. ते म्हणजे आपले चौल. आणखी दक्षिणेला 'मंदगोरा' येते; अनेक विद्वान ते राजपुरीच्या खाडीवरील मांदाड मानतात, आणि त्या मांदाडजवळच कुड्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर उंची मद्य म्हणजे परदेशी मद्य हे समीकरण होते. ते आजही फारसे बदललेले नाही, हे आपण पुढे पाहू.

आता बोट मांडव्याला लागली. मोटार खाली उतरली. डाव्या हाताचे उरण मागे राहिले, पण त्याच्याकडे आपल्याला पुन्हा वळावे लागेल. अलिबागच्या दिशेने निघालो की रस्त्याला सावली येते. ती सावली अष्टागराची. थळ, किहीम, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही त्या पट्ट्यातील नावे. समुद्र आणि खाजण यांच्या मधली वाळूमिश्रित जमीन, हाताला लागणारे गोडे पाणी, ते उपसणारे रहाट, वर माड, माडाच्या सावलीत सुपारी आणि सुपारीवर चढलेली पानवेल, अशी ही तीन मजली शेती आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. अलिबागच्या त्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कांदा सर्वांना दिसतो; माडाच्या शेंड्याकडे मात्र प्रवाशाचे लक्ष जात नाही. आपण ते द्यावयाचे आहे.

माडी कशी होते? माडाला फुलोरा येतो तो एका जाड वेष्टनात बंद असतो. त्याला पोय म्हणतात. पोय फुटण्यापूर्वी ती दोरीने आवळून बांधतात, रोज हलक्या हाताने ठोकतात आणि तिचे टोक धारदार कोयत्याने पातळ कापतात. काही दिवसांनी तेथून रस ठिबकू लागतो. खाली मडके बांधावयाचे आणि सकाळ-संध्याकाळ चढून ते उतरवावयाचे. दर खेपेला टोकाची नवी चकती कापावी लागते, नाही तर रस आटतो. चकती जाड कापली तर पोय लवकर संपते आणि कमी कापली तर रस येत नाही. हे तंत्र हाताला कळते, पुस्तकाला कळत नाही. कोकणात ते पिढ्यान् पिढ्या भंडारी समाजाच्या हातात राहिले.

पहाटे उतरविलेला ताजा रस गोड असतो, ती नीरा. मडक्याला आतून चुना लावला तर काही काळ ती तशीच राहते. नाही तर हवेतील किण्वामुळे तासाभरातच फसफसू लागते आणि दुपारपर्यंत तिची माडी होते. दुसरा दिवस उजाडला की ती आंबट होऊन शिरक्याच्या वाटेला लागते. आजच्या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी येथेच सांगून ठेवतो. द्राक्षाचे मद्य टिकते, म्हणून ते प्रवास करू शकते. आणि जे प्रवास करते ते व्यापाऱ्याच्या मालकीचे होते. माडी टिकत नाही. ती ज्या झाडाखाली उतरते त्याच्या आसपासच, त्याच दिवशी संपावी लागते. म्हणून ती व्यापाऱ्याची झाली नाही, चढणाऱ्याची राहिली. आणि सरकारचे काय? टिकणाऱ्या मालावर सरकार बंदरात जकात घेऊ शकते. एका दिवसात संपणाऱ्या मालाला गाठावयाचे तर सरकारला थेट झाडापर्यंत जावे लागते. म्हणून समुद्रावरून आलेल्या मद्याने मागे खापरे ठेवली आणि जमिनीवर उगवलेल्या मद्याने मागे कराच्या वह्या ठेवल्या.

नागाव ओलांडून आपण चौलला आलो. आज येथे सावली, मंदिरे आणि शांतता आहे. एके काळी येथे अरबी घोडे उतरत. १४७० च्या सुमारास असाच एक घोडा घेऊन अफानासी निकीतिन नावाचा रशियन व्यापारी येथे उतरला. वास्को द गामा येण्याच्या सुमारे पाव शतक आधीची ही गोष्ट. चौलहून तो घाट चढून जुन्नरला आणि पुढे बिदरला गेला. या प्रवासाच्या टिपणांत त्याने इकडच्या मोठ्या नारळांची आणि त्यांच्या मद्याची नोंद केली आहे. थंड प्रदेशातील मनुष्याला झाडावर उगवणाऱ्या मद्याचे नवल वाटावे हे साहजिक होते. रेवदंड्याला २००२ मध्ये निकीतिनचे स्मारक उभे राहिले. मोटार थांबवून ते अवश्य पाहावे.

निकीतिननंतर पोर्तुगीज आले. रेवदंड्याची तटबंदी त्यांची. खाडीपलीकडच्या कोर्लईच्या टेकडीवरचा किल्ला त्यांचा. आणि कोर्लई गावात काही कुटुंबे आजही जी पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलतात ती त्यांच्याच काळाची आठवण. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला, पण शब्द मागे राहिले. आपल्या संस्कृतातील 'सुरा' गोव्यात 'सूर' होऊन राहिली आहे. आपली 'ताडी' इंग्रजांनी उचलली आणि थंडीत गरम पाणी, मद्य व साखर एकत्र करून ते जे पितात त्याला 'टॉडी' हे नाव दिले. झाड चढणाऱ्याला विलायतेत कोणी ओळखत नाही; त्याच्या झाडाचे नाव मात्र त्यांच्या पेल्यात आहे.

आता उरणकडे वळावयाचे. एकोणिसाव्या शतकात उरण ठाणे जिल्ह्यात होते. तेथे मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या अनेक भट्ट्या होत्या. त्या बहुतेक पारशी मालकांच्या होत्या. मोहाची फुले गुजरातेतील पंचमहालाकडून येत आणि गाळलेली दारू समोरच्या मुंबईत जाई. माडीपेक्षा ही दारू सरकारला सोयीची होती. ती ठरावीक जागी तयार होते, पिंपात मोजता येते, टिकते आणि तिच्यावर पहारा ठेवता येतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याच्या मुळाशी हीच सोय होती. या धोरणाचे शिल्पकार चार्ल्स प्रिचर्ड. पुढे सीमाशुल्क, मीठ, अफू आणि अबकारी ही सर्व खाती त्यांच्या हाताखाली आली. मीठ आणि मद्य एकाच अधिकाऱ्याकडे असावे याला अर्थ आहे. दोन्ही गोष्टी गरिबाच्या घरी रोज लागत आणि दोन्ही त्याला स्वतःच्या हाताने, जवळजवळ फुकट करून घेता येत. सरकारी परवान्याशिवाय त्या करता येऊ नयेत, हे सूत्र दोन्हींना लागू झाले.

कायद्याने रस काढावयाच्या प्रत्येक झाडाला परवाना आणि प्रत्येक झाडामागे कर ठरला. पूर्वीच्या राजवटींनी माडावर काहीच घेतले नाही असे नव्हे. परंतु आता झाडांची मोजणी आणि नोंद काटेकोर झाली, कराचे दर चढत गेले आणि गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू मोठ्या कारखान्यांतून आणि मक्तेदारांच्या दुकानांतून विकण्याची व्यवस्था झाली. ज्या झाडाचा रस काढावयाचा त्याला नारळ धरत नाहीत, म्हणून वाडीच्या मालकाला त्याचा मोबदला द्यावा लागे. त्यावर सरकारचा कर. उरले ते चढणाऱ्याचे. या हिशेबात चढणारा सर्वांत शेवटी येई. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील भंडाऱ्यांनी अर्ज केले, गाऱ्हाणी मांडली, काही ठिकाणी झाडे छेदावयाचेच थांबविले. कराची गाडी मात्र थांबली नाही. १८९२ मध्ये तर या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा झाला आणि परवान्याविना फुले बाळगणे हाही अपराध ठरला. जंगलातील आदिवासी ज्या फुलांवर दुष्काळात पोट भरत त्यांवरही पहारा बसला.

सरकारचे म्हणणे असे असे की, कर वाढविला की दारू महाग होते आणि महाग झाली की लोक कमी पितात. कमी पिणे आणि जास्त महसूल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याची ही प्रतिज्ञा होती. पहिल्या गोष्टीचे काय झाले याविषयी त्या काळी वाद होता. दुसरी मात्र निश्चित साधली. विसाव्या शतकाच्या आरंभी अबकारी हे मुंबई सरकारचे जमीनमहसुलाच्या खालोखालचे मोठे उत्पन्न होऊन बसले होते.

श्रोतेहो, येथे मला माझ्या स्वतःच्या मनातील अडचण मांडावयाची आहे. कोणी म्हणेल, कर लावला तर बिघडले काय? दारू वाईटच ना? हा प्रश्न मला टाळता येत नाही. स्वातंत्र्यानंतर आपल्याच लोकांनी त्याला आपले उत्तर दिले. १९४९ मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० पासून राज्यभर दारूबंदी आली. त्यामागे गांधीजींची शिकवण होती आणि हजारो घरांतील बायकांचे अश्रू होते. त्या हेतूविषयी मला आदर आहे. परंतु बंदीचा फटका कोणाला किती बसला हे पाहिले पाहिजे. ऐपतीच्या माणसाला प्रकृतीच्या कारणासाठी म्हणून परवाना मिळण्याची सोय होती. हातभट्टीवाल्याचा धंदा तर उलट फोफावला. दिवसाउजेडी, सर्वांच्या डोळ्यांदेखत चाळीस-पन्नास फूट उंच झाडावर चढणाऱ्याला मात्र लपावयास जागा नव्हती. १९६० नंतरच्या दशकात बंदी सैल झाली, माडीची परवानाधारक दुकाने पुन्हा दिसू लागली. पण मधल्या काळात ज्या मुलांनी चढणे शिकावयाचे ती गिरण्यांत आणि कचेऱ्यांत गेली होती. त्यांनी वाईट केले असे मी म्हणणार नाही.

आणि २००१ साली काय झाले? महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगलीतील पलूस येथे वाइन उद्योगासाठी खास क्षेत्रे आखली गेली आणि द्राक्षाच्या मद्याला उत्पादनशुल्कात सूट मिळाली. कारण असे दिले गेले की, त्यामुळे शेतकऱ्याला भाव मिळेल. कारण चांगलेच आहे. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराचे भले झाले तर आपल्याला आनंदच आहे. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळविले, तेही योग्यच झाले. माझे म्हणणे एवढेच की, वेलीच्या रसाला जे सरकार शेतमाल म्हणून हात देते, त्याच परंपरेतील सरकारने माडाच्या रसाकडे सव्वाशे वर्षे मुख्यतः गुन्हा आणि महसूल याच दोन चष्म्यांतून पाहिले. दोन्ही रस शेतातूनच येतात. फरक एवढाच की, एक बाटलीत बसतो आणि दुसरा बसत नाही.

आपला प्रवास पुढे चालू ठेवू. रेवदंड्याचा पूल ओलांडला की साळाव, कोर्लई, मग काशीद आणि नांदगाव. रस्ता कधी डोंगराच्या कडेने वर चढतो आणि खाली समुद्राची निळी पट्टी दिसते. कधी सुरूच्या बनातून जातो. मुरूडला जंजिरा दिसतो. १९४८ पर्यंत हा सारा दक्षिण भाग सिद्दीच्या संस्थानात होता. आगरदांड्याला मोटार पुन्हा बोटीत चढवावयाची आणि दिघीला उतरावयाची. पुढे दिवेआगर आणि भट घराण्यातील पहिल्या पेशव्यांचे, बाळाजी विश्वनाथांचे गाव श्रीवर्धन. वाटेत ज्याला कोणाला माडी चाखण्याचा मोह होईल त्याला आमच्या स्नेह्यांचे एक वाक्य सांगून ठेवतो. ते म्हणाले, "गाडी आपण हाकावयाची म्हणजे माडी पाहावयाची, प्यावयाची नाही." मोटारीच्या प्रवासाचा हा पहिला नियम समजावा.

दिवेआगर-श्रीवर्धनकडे आता पूर्वीइतकी दाट सावली सगळीकडे लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने वाड्याच्या वाड्या झोपविल्या. सुपारी तर काडीसारखी मोडली. माड मुळासकट उपटले किंवा शेंडे तुटून नुसते खांब उभे राहिले. नारळाचे झाड लावल्यापासून फळाला यावयास सहा-आठ वर्षे लागतात. ज्याने लावले त्याच्या हयातीत वाडी पुन्हा पूर्वीसारखी होईलच असे नाही.

या संकटातून एक प्रश्न पुढे आला आणि तो ऐकून इतिहासाच्या विद्यार्थ्याला चमकल्यासारखे झाले. सरकारी मदत हेक्टरच्या हिशेबाने ठरलेली असते. अष्टागरापासून श्रीवर्धनपर्यंतची वाडी मात्र गुंठ्यांची असते. हेक्टरी मदतीत त्या लहान वाडीच्या मालकाच्या हाती काय पडणार? म्हणून बागाईतदारांनी मागणी केली की, मदत क्षेत्रावर देऊ नका, झाडावर द्या. आमची झाडे मोजा. आणि ती मागणी मान्य झाली. ज्या किनाऱ्यावर सरकारचा माणूस झाडे मोजावयास आला म्हणजे घरात भीती शिरत असे, तेथे लोकांनी स्वतः होऊन म्हटले की, या आणि मोजा.

श्रीवर्धनच्या एका वाडीत एक वृद्ध गृहस्थ पडलेल्या माडाच्या खोडावर बसले होते. आमच्या स्नेह्यांनी विचारले, "काका, तुम्ही चढत होता का?" ते म्हणाले, "वडील चढत. मीही चढलो. मुलगा पनवेलला आहे, त्याला चढता येत नाही. आता नारळ पाडायलाही माणूस मिळत नाही." थोडे थांबून त्यांनी नव्याने लावलेल्या रोपांकडे बोट केले. "लावलेत. वर कोण जाणार ते ठाऊक नाही."

वाडीतून परत येताना स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या मेदॉकला द्राक्ष खुडणारा मनुष्य वेलीसमोर उभा राहून काम करतो. इथे पडला तर संपलाच." मी म्हटले, "आणि म्हणून तुमचे ते हसणे मला लागले होते."

श्रोतेहो, उन्हाळ्याची सुटी आता येईल. आपल्यापैकी अनेकजण अलिबागला, मुरूडला, श्रीवर्धनला जातील. अवश्य जावे, रस्ता सुंदर आहे, समुद्र सुंदर आहे. एवढेच करावे, की नागाव-चौलच्या सावलीतून जाताना क्षणभर मोटार थांबवावी आणि मान वर करून माडाच्या शेंड्याकडे पाहावे. तेथे एखादे मडके बांधलेले दिसले तर समजावे की, आज पहाटे त्या झाडावर कोणी तरी चढून गेले आहे. रोमन कुंभांची खापरे मातीत दोन हजार वर्षे टिकली. हे मडके आणि ते बांधणारा हात यांना टिकावयाचे असेल तर ते मातीवर सोपवून चालणार नाही. माणसांनीच त्यांची काळजी घेतली पाहिजे.